रात्री स्टीरिओ हळू लावला की गायिकेचा आवाज मधून उजवीकडे सरकतो. दोष कुठे शोधू?

मांडवीकर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळंच लिहितो.

मी रत्नागिरीत राहतो, मांडवीचा समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर. गेल्या वर्षी पोस्टातून निवृत्त झालो. ऐकणं मुख्यतः ख्याल, अधूनमधून नाट्यसंगीत. आईचं जेवण आणि औषधं आटोपली की रात्री साडेनऊपासून तास-दीड तास माझा असतो. दिवसभर त्या वेळेची वाट बघतो, म्हणून हा त्रास फार जिव्हारी लागलाय.

अँप्लिफायर मामांनी १९८६ साली मस्कतहून आणलेला, जपानी, तेव्हापासून घरात आहे. स्पीकर २००९ साली पुण्याहून घेतले, खर्जासाठी साडेसहा इंची वूफर आणि वर बारीक सुरांचा ट्विटर, लाकडी स्टँडवर. एक सीडी प्लेअर, आणि फोनवरून ऐकायला छोटा डॅक (फोनमधल्या डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी डबी). खोली अकरा फूट रुंद. उजवीकडे सलग सिमेंटची भिंत, डावीकडे पडवीत उघडणारं मोठं दार, जे मी उघडंच ठेवतो.

आता काय होतं ते. सेट चालू केल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास सगळं जागच्या जागी. गायिका दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, भिंतीवरच्या घड्याळाखाली बसल्यासारखी. एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, मागे तानपुरे. मग आई झोपते, मी आवाज कमी करतो, आणि थोड्या वेळानं लक्षात येतं की ती घड्याळाखाली नाही. हात-दीड हात उजवीकडे गेलीय. एकदम उडी मारत नाही, सरकत जाते. कधी विलंबिताच्या दोन आवर्तनांतच, कधी अख्खी चीज संपेपर्यंत काही नाही. डावा स्पीकर बंद पडत नाही. कान लावला तर वाजतो, पण हडकुळा वाजतो. मी आवाज वाढवला की टचकन मधे येते. पुन्हा कमी केल्यावर पाच-दहा मिनिटं ठीक, मग तेच. आणि सेट बंद करून परत चालू केला तर पुन्हा अर्धा तास काही तक्रार नाही.

दुसरी गोष्ट, हिचा पहिलीशी संबंध आहे की नाही कळत नाही. सगळं ठीक असतानाही तान वरच्या सप्तकात गेली की आवाज उजवीकडे झुकतो, खाली उतरली की मधे येतो. तबल्याचंही तसंच. डग्गा जागेवर असतो आणि चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा ‘ना’ उजव्या भिंतीतून आल्यासारखा वाटतो.

अजून एक सांगायला हवं. जूनमध्ये मला जबर सर्दी झाली होती, डाव्या कानात आठवडाभर दडे बसले होते. हा त्रास साधारण तेव्हापासूनचा. त्यामुळे दोन महिने मी माझाच कान गेला असं धरून चाललोय. घरात कुणाला बोललो नाही. सेट दुरुस्त होईल, कानाचं काय करणार, असं वाटत राहतं. तारांची टोकं कापून नवी केली आहेत, लाल-काळं तपासलं आहे, सीडी आणि फोन दोन्हीवर तेच होतं. यापुढे काय करू?


तळेगावचा श्रोता

मांडवीकर, आधी कानाचं मिटवू, कारण त्याला पाच मिनिटं लागतात. आवाज उजवीकडे सरकलेला असेल तेव्हा खुर्ची उलटी फिरवा आणि स्पीकरकडे पाठ करून त्याच जागी बसा. दोष डाव्या कानाचा असेल तर आवाज तुमच्या उजव्या कानाकडेच राहील, म्हणजे खोलीच्या दुसऱ्या बाजूला गेलेला वाटेल. आवाज खोलीतल्या त्याच भिंतीकडे राहिला, म्हणजे आता तुमच्या डाव्या हाताला आला, तर कान ठणठणीत आहे. आजच करा. दोन महिने हे मनात घेऊन बसलात, वाचून वाईट वाटलं.

मग अँप्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर ते दाबा. मोनोमध्ये दोन्हीकडे अगदी तेच जातं, त्यामुळे रेकॉर्डिंगचा प्रश्न निकालात निघतो. मोनो करूनही आवाज सरकत असेल तर तो तुमच्या घरातच सरकतोय.

त्यानंतर अदलाबदल. सीडी प्लेअरच्या डाव्या-उजव्या पिना अँप्लिफायरच्या मागे उलट लावा. दोष बाजू बदलून डावीकडे गेला तर तो प्लेअरचा किंवा त्या तारेचा. नाही गेला तर पुढे चला आणि स्पीकरच्या तारा उलट करा. आता गेला तर अँप्लिफायर, तरीही नाही गेला तर स्पीकर किंवा खोली. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक वेळी वहीत लिहून ठेवा. मी एकदा उत्साहात दोन्ही एकदम उलटं केलं होतं, संध्याकाळ वाया गेली.

लाल-काळं नुसतं रंगावरून तपासलं असेल तर तेही नीट बघा. तारा अँप्लिफायरपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. लाल टोकाला अधिक लावल्यावर दोन्ही वूफर बाहेरच्या दिशेला सरकले पाहिजेत. एक आत गेला तर तो उलटा जोडलाय. मात्र त्यात आवाज सरकत नाही, मधोमध काही उरतच नाही आणि खर्ज पातळ होतो. तुमचं वर्णन तसं नाही.


नवा सूर

माझ्या मते तारा बदलून बघा. मी ऑक्सिजन-फ्री तांब्याच्या जाड तारा टाकल्यापासून मधला आवाज खूप ठाम झालाय. डॅकही जरा वरच्या दर्जाचा घ्या.


रेडिओ दुरुस्ती, सांगली

मांडवीकर, खर्च करायच्या आधी हे वाचा. नवा सूर यांचा अनुभव त्यांच्या घरात खरा असेल, पण तार अर्ध्या तासानं बिघडत नाही आणि आवाज वाढवल्यावर सुधारत नाही. सीडी आणि डॅक दोन्हीवर तेच होतं म्हटल्यावर डॅकचाही संबंध नाही.

तुम्ही लिहिलेल्या तीन वाक्यांत दोष सापडतो. एक, हळू असताना बिघडतं. दोन, मोठं केलं की टचकन सुधारतं. तीन, बंद करून चालू केलं की काही वेळ ठीक. ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की मी झाकण काढायच्या आधीच रिले म्हणतो. बत्तीस वर्षं हेच काम करतोय, आणि पंचवीस-तीस वर्षं जुन्या अँप्लिफायरमध्ये हा दोष महिन्याला एखादा तरी येतोच.

सेट चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी आतून ‘टक’ आवाज येतो ना, तो रिले. चालू होतानाचा धक्का स्पीकरला बसू नये, आणि आत काही जळून डीसी व्होल्टेज आलंच तर स्पीकर वाचावा, यासाठी तो मधे बसवलेला असतो. त्यात चांदीच्या मिश्रधातूचे ठिपके, म्हणजे कॉन्टॅक्ट, एकमेकांना टेकतात आणि त्यातून सगळा आवाज स्पीकरकडे जातो. चांदी हवेनं काळी पडते, देवघरातलं निरांजन पडतं तशी. त्या काळ्या थरातून थोडा करंट नीट जात नाही. मोठा आला की थर भेदून जातो, म्हणून तुमची गायिका परत मधे येते. बंद-चालू केलं की ठिपके पुन्हा आपटतात आणि नवी जागा टेकते, म्हणून अर्धा तास बरा जातो. समुद्राजवळची दमट हवा आणि पावसाळा, त्यात भर. दोष कंपनीचा नाही, वयाचा आहे.

यातच अदलाबदलीची एक गोम आहे. तळेगावकरांनी सांगितलेली रीत बरोबर, पण स्पीकरच्या तारा बदलायला तुम्ही सेट बंद करणार, रिले परत आपटणार आणि दोष पळून जाणार. मग तुम्हाला वाटणार तारांनीच बरं झालं. कितीतरी लोक असेच नव्या तारा घेऊन खूश होतात आणि महिन्यानं माझ्याकडे येतात. म्हणून आधी मल्टीमीटरनं मोजा. फोनवर १०० हर्ट्झचा एकसारखा सूर लावा, दोन्हीकडे सारखाच. साधे मल्टीमीटर वरच्या सुरांना चुकतात, १०० ला ठीक दाखवतात. मीटर एसीवर ठेवा आणि अँप्लिफायरच्या मागे डाव्या आणि उजव्या टोकांवर व्होल्टेज बघा. स्पीकर जोडलेलेच ठेवा, हे फार महत्त्वाचं. मीटर स्वतः जवळजवळ करंट घेत नाही, त्यामुळे स्पीकर सोडवून मोजलं तर खराब कॉन्टॅक्टवरही आकडा बरोबर येतो आणि तुम्ही फसता. रात्रीच्या पातळीवर ठेवा आणि तासभर बघत राहा.

व्हॉल्यूमच्या पॉटवरही, म्हणजे बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरवरही, लोकांचा संशय जातो. एकाच दांड्यावर दोन पॉट असतात आणि सुरुवातीच्या भागात ते एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, हे खरं. पण तो फरक बटणाच्या त्या जागी कायम तेवढाच राहतो, सरकत नाही. पॉट घाणेरडा असेल तर फिरवताना खरखर येते. तुम्ही खरखर लिहिलेली नाही.


मांडवीकर

सर्वांचे मनापासून आभार. आधी कानाचं सांगतो. त्याच रात्री खुर्ची फिरवली. दिवे मालवले होते, आई झोपली होती. पाठ करून बसलो आणि आवाज माझ्या डाव्या खांद्याकडून आला. ज्या कानाला मी दोन महिने गेलेला समजत होतो त्याच कानात. मी तसाच बसून राहिलो, द्रुत संपेपर्यंत. तळेगावकर, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

मोनो करूनही सरकतं. पिना उलट केल्या, सेट बंद न करता, आवाज शून्यावर आणून. दोष उजवीकडेच राहिला, म्हणजे प्लेअर सुटला.

मग मोजमाप. भाचा आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सला आहे, त्याचा मीटर घेतला. पावणेदहाला सुरुवात केली तेव्हा डावीकडे २०० मिलिव्होल्ट, उजवीकडेही २००. दहाला तेच. दहा वाजून वीस मिनिटांनी डावा १८० वर आला, मग १६३, आणि साडेदहाच्या पुढे १२६ वर थांबला. उजवा पूर्ण वेळ २०० वरून हलला नाही. आकडा घसरताना बघणं आणि त्याच वेळी तो सूर उजवीकडे सरकताना ऐकणं, हे एकत्र अनुभवलं. मग एकदाच आवाज वाढवून दोन व्होल्टपर्यंत नेला आणि लगेच खाली आणला. डावा १९८.

सांगलीकर, तुम्ही न बघता सांगितलंत तेच निघालं. आता उघडायचं कसं ते सांगा. भाच्यावर सोपवू का?

आणि ती दुसरी तक्रार, वरच्या सुरांची, तशीच आहे. आज संध्याकाळी दोन्हीकडे २०० असतानाच तान उजवीकडे झुकली. दोन्ही स्पीकर उचलून एकमेकांच्या जागी ठेवून पाहिले. तरी उजवीकडेच झुकते.


रेडिओ दुरुस्ती, सांगली

२०० चे १२६ म्हणजे चार डेसिबल. आठ ओमच्या हिशेबानं तुमच्या रिलेचा तो कॉन्टॅक्ट साडेचार-पाच ओम अडवतोय. तिथे शून्याच्या जवळ काहीतरी असायला हवं.

भाचा करेल, पण घाई नको. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आत दोन मोठे कपॅसिटर असतात, त्यांत बराच वेळ व्होल्टेज राहतं. मीटर लावून दोन व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात घालू नका. रिलेला पारदर्शक टोपी असेल तर ती हलकेच उचकटून निघते. जाड, खरखरीत, चकचकीत नसलेल्या कागदाची पट्टी कापा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, ठिपक्यांच्या मधे घाला, ठिपका जिच्या टोकाला असतो ती पाकळी बोटानं हलकी दाबा आणि पट्टी ओढून घ्या. पट्टीवर काळं येणं थांबेपर्यंत. पॉलिश पेपर अजिबात नको, वरचा चांगला थर जातो आणि पुढे दुप्पट लवकर काळं पडतं. गंज सोडवायचा तेलकट स्प्रेही नको.

हे तात्पुरतं समजा. काही महिने चालेल, नशीब असेल तर वर्ष. कायमचं करायचं तर रिले बदला. टोपीवर कॉइलचं व्होल्टेज छापलेलं असतं, बहुतेक २४, तेच घ्या. पायांची रचना जुळली पाहिजे आणि कॉन्टॅक्टची क्षमता जुन्याइतकी किंवा जास्त. जुना काढून नव्याला सोल्डरचा डाग देणं हे अर्ध्या तासाचं काम.

वरच्या सुरांचं मात्र माझ्या बाकावर येणारं नाही. स्पीकर बदलूनही तिकडेच झुकतं म्हणजे ट्विटर सुटले, नाहीतर मी तेच म्हणालो असतो. खोलीचं जाणकार कुणीतरी सांगेल.


माईकमागची

मी मुंबईत ध्वनिमुद्रणाचं काम करते, त्यामुळे खोलीशी रोजचंच भांडण असतं. मांडवीकर, तुमच्या पहिल्याच मजकुरात उत्तर होतं. उजवीकडे सलग सिमेंटची भिंत, डावीकडे उघडं दार.

दोन स्पीकरच्या मधे बसलेली ती गायिका मुळात तिथे नसतेच. तिथे स्पीकर नाही. दोन्ही कानांना दोन्हीकडून एकाच वेळी, सारख्याच जोरानं तेच पोचलं तर मेंदू म्हणतो, आवाज समोरून आला. ॲलन ब्लूमलाइन या अभियंत्यानं १९३१ साली इंग्लंडमध्ये स्टीरिओचं पेटंट मागितलं तेव्हापासून हाच पाया आहे. तो नाजूकही तितकाच. एका बाजूचा आवाज एक मिलिसेकंद आधी आला की सगळं त्या बाजूला गेल्यासारखं वाटतं. हवेत एक मिलिसेकंद म्हणजे सुमारे ३४ सेंटीमीटर. तुमचे स्पीकर किती लांब आहेत मला ठाऊक नाही, पण समजा ते एकमेकांपासून १.८ मीटरवर आहेत आणि तुम्ही त्यांच्या रेषेपासून २ मीटरवर बसता. खुर्ची फक्त १० सेंटीमीटर उजवीकडे सरकली तरी दोन्ही अंतरांत ८ सेंटीमीटरचा फरक पडतो, म्हणजे पाव मिलिसेकंद. तेवढ्यानं मध हललेला ऐकू येतो. म्हणून आधी खुर्ची टेपनं मोजून ठेवा, डोळ्याच्या अंदाजानं नको.

आता भिंत. उजवा स्पीकर भिंतीपासून ४५ सेंटीमीटरवर असेल तर त्याचा आवाज तुमच्याकडे दोनदा येतो. एकदा सरळ, एकदा भिंतीवर आपटून. दुसरा रस्ता सुमारे ५० सेंटीमीटर लांब, म्हणजे दीड मिलिसेकंद उशीर, आणि गुळगुळीत सिमेंटवरून तो जवळजवळ तितक्याच ताकदीनं येतो. डावीकडे मात्र दारातून सगळं पडवीत निघून जातं, परत काही येत नाही. उजव्या बाजूला एक जास्तीचा स्पीकर भिंतीत लपवल्यासारखंच हे झालं. गायिकेचं वरचं अंग त्या बाजूला ओढलं जातं. डग्ग्याच्या लांब लाटांना एवढ्या फरकानं फारसं काही होत नाही, म्हणून तो जागेवर. चाट आणि वरची तान ओढली जाते.

आरसा घ्या. खुर्चीत बसा, कुणालातरी उजव्या भिंतीवर आरसा सपाट धरून सरकवायला सांगा. ज्या जागी तुम्हाला आरशात उजव्या स्पीकरचा ट्विटर दिसेल ती जागा. वर दिलेल्या अंतरांनी ती स्पीकरच्या अर्धा मीटर पुढे येते. तिथे काहीतरी जाड आणि मऊ टांगा, भिंतीला चिकटवून नाही, चार बोटं सोडून. मागे हवा राहिली की ते जास्त काम करतं. महागडे फोमचे चौकोन घ्यायची गरज नाही, घरात जाड गोधडी असेल तर आधी ती लावून बघा. आणि एकदा दार बंद करूनही ऐका, नुसतं समजण्यासाठी.

एक सावधगिरी. हे सगळं मैफलीच्या रेकॉर्डिंगवर तपासू नका. माणूस गाताना हलतो, माईकपासून तोंड वळवतो, आणि दोन माईकवर घेतलं असेल तर ते हलणं रेकॉर्डिंगमध्ये खरोखर असतं. मोनोमध्ये किंवा मोनो काळातल्या मुद्रणावर तपासा. तिथे सगळं एका ठिपक्यात बसलं पाहिजे.


मांडवीकर

आठ दिवसांनी लिहितोय, कारण एकेक गोष्ट वेगळी करून पाहिली.

रविवारी भाचा आला. प्लग काढला, कपॅसिटरवर ४१ व्होल्ट होते, वीस मिनिटं चहा-पोहे केले, मग उघडलं. त्या झाकणाखाली गेल्या अडतीस वर्षांत कुणी गेलं नव्हतं. तापलेल्या धुळीचा वास आला, लहानपणी रेडिओच्या मागून यायचा तसा. रिले सापडला, टोपी धुरकट पिवळी, वर २४ व्होल्ट छापलेलं. ती निघाल्यावर मी भिंगातून बघितलं. चार पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला मोहरीहून जरा मोठा ठिपका. उजव्या बाजूचे दोन करडे. डाव्या बाजूचे काजळासारखे काळे, आणि त्यातल्या एकावर मधोमध टाचणीच्या टोकाएवढी चमकणारी जागा. तेवढ्याच जागेतून माझं सगळं ऐकणं चाललं होतं.

कागद म्हणून पोस्टकार्ड वापरलं. घरात कोरी शिल्लक होती, जाडी बरोबर, खरखर बरोबर. चार मिलिमीटरची पट्टी, अल्कोहोल, भाच्याचं बोट पाकळीवर आणि माझ्या हातात पट्टी. पहिल्या ओढीला पेन्सिलीनं गिरवल्यासारखी काळी रेघ आली. अकराव्या पट्टीला कागद पिवळाच्या पिवळा बाहेर आला.

रात्री पुन्हा १०० हर्ट्झ. पावणेदहा ते सव्वाअकरा, डावा १९९, उजवा २००. हलला नाही. नंतर मी सूर बंद केला आणि जुनं मोनोतलं एक नाट्यपद लावलं. घड्याळाखाली. सगळंच घड्याळाखाली, आवाज, ऑर्गन, सारंगी, एका मुठीत मावेल एवढ्या जागेत. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी आवाज आणखी हळू केला आणि तरी काही हललं नाही.

आणखी हळू केल्यावर पॉटचा फरकही सापडला, सांगलीकर. बटण अगदी सुरुवातीला असताना डावा ६१ आणि उजवा ६८. एक डेसिबलच्या आतच, पण ऐकू येतो. फोनवरून ऐकताना आता फोनचा आवाज उतरवतो आणि अँप्लिफायरचं बटण वर घेतो, तिथे दोन्ही जुळतात. सीडीला ती सोय नाही, तिथे बॅलन्सचं बटण केसभर डावीकडे.

मग भिंत. ताई, तुम्ही धरलेली अंतरं आणि माझी मोजलेली यांत दोन-तीन सेंटीमीटरचाच फरक निघाला. खुर्ची मात्र १२ सेंटीमीटर उजवीकडे होती, कारण डावीकडून पडवीत जायला वाट ठेवली होती. ती सरकवली. आरसा भाच्यानं धरला. आईच्या हातची गोधडी आहे, सात-आठ थरांची, तिच्या जुन्या लुगड्यांची. आड्याच्या वाशाला दोरी बांधून भिंतीपासून चार बोटं सोडून टांगली. चाट लगेच आत आली. तान अजून किंचित झुकते, पण आधी ती भिंतीपर्यंत जायची, आता स्पीकरच्या अलीकडेच थांबते. दार बंद करूनही ऐकलं. झुकणं कमी झालं, पण खोली डबा वाजल्यासारखी झाली, म्हणून दार उघडंच बरं.

आता एक शेवटचं विचारतो. आईनं गोधडी भिंतीवर का म्हणून विचारलं, सांगितलं, तर म्हणाली मलाही मधे ऐकव. तिचा पलंग उजव्या बाजूला आहे, तिथून हलवणं शक्य नाही. तिला सगळं उजव्या स्पीकरमधूनच ऐकू येतं. यावर काही आहे का?


माईकमागची

पूर्ण नाही, पण बरंचसं आहे. दोन्ही स्पीकर आतल्या बाजूला चांगले वळवा. सध्या त्यांची तोंडं बहुधा तुमच्याकडे किंवा सरळ समोर असतील. इतके वळवा की त्यांच्या नाकासमोरच्या रेषा तुमच्या पुढ्यात एकमेकींना छेदतील. मग उजव्या स्पीकरचं तोंड आईंपासून दूर वळतं, त्याचे वरचे सूर त्यांच्यापर्यंत कमी पोचतात, आणि लांबचा डावा मात्र थेट त्यांच्याकडे बघतो. जवळचा आधी पोचतो पण हळू, लांबचा उशिरा पोचतो पण जोरात. त्यांच्यासाठी आवाज अगदी मधे येणार नाही, पण स्पीकरमधून सुटेल. शिवाय उजव्याचं तोंड भिंतीपासून वळल्यामुळे तुमची उरलेली तानही सुधारावी. वळवल्यावर वरचे सूर मंद वाटले तर पाच-पाच अंशांनी परत मोकळे करत या.


रेडिओ दुरुस्ती, सांगली

पोस्टकार्डाची पट्टी मी पण वापरून बघणार. मांडवीकर, पावसाळा संपायची वाट न बघता नवा रिले मागवून ठेवा. पायांचा फोटो इथे टाका, कोणता बसेल ते सांगतो.


मांडवीकर

फोटो उद्या टाकतो.

स्पीकर वळवले. स्टँडखाली खडूनं रेघा मारून, पाच-पाच अंश, चार संध्याकाळी. शेवटी साधारण ४० अंशांवर ठेवलेत. तान आता घड्याळाखालून निघते आणि घड्याळाखालीच उतरते, फक्त तारषड्जाच्या वर गेली तर जेमतेम वीतभर हलते. आईला विचारलं कुठे ऐकू येतंय. तिनं पलंगावरून बोट दाखवलं, घड्याळाच्या थोडं उजवीकडे, देवीच्या फोटोखाली. तिथे कुठलाच स्पीकर नाही.